पडद्यावरील संसाराचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याविषयी आम्हांस पत्र धाडले, तेव्हा त्यांत विषयही नमूद केला होता. ‘तरुण पिढी आणि संस्कार’ असा तो विषय होता. आम्ही त्यांस उलट कळविले की, आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर अध्यापनाची पदविका, आणि पुढील अडतीस वर्षे प्राथमिक शाळेतील मुलांस बेरीज-वजाबाकी व सरळव्याज शिकविण्यात गेलेली. तेव्हा संस्कारांवर बोलण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे. हिशेबावर बोला म्हणाल तर बोलू. चिटणिसांनी उदार मनाने ती सवलत दिली. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे एक वही घेऊन उभे आहोत. ही वही आमची नव्हे, सातवीत शिकणाऱ्या आमच्या नातीची आहे, आणि तिच्यात लिहिलेला जमाखर्च आपण सर्वजण रोज रात्री आठ ते दहा ज्यांच्या घरात जाऊन बसतो त्या मंडळींचा आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकेतील एका कुटुंबाचा. मालिकेचे नाव सांगत नाही, कारण नाव बदलले तरी हिशेब फारसा बदलावयाचा नाही.

हा उद्योग गेल्या पावसाळ्यात सुरू झाला. नात नफातोट्याची उदाहरणे सोडवीत बसली होती, समोर संच चालू होता, आणि तिने एकाएकी विचारले, “आबा, या लोकांचा धंदा कसला?” आम्ही सांगू शकलो नाही. आमच्या सौभाग्यवती ती मालिका दोन वर्षे नेमाने पाहत आहेत; त्यांनाही सांगता आले नाही. तेव्हा आम्ही वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली, डावीकडे ‘जमा’ व उजवीकडे ‘खर्च’ असे लिहिले, आणि महिनाभर जे डोळ्यांना दिसेल व कानांवर पडेल तेवढेच टिपावयाचे, असे ठरविले. तर्काने काही भरावयाचे नाही, ही अट नातीने घातली.

महिन्याअखेर जमेच्या बाजूस एकच ओळ होती : “पाचशे कोटींचे डील.” हे डील कशाचे, कोणाशी, त्यातून नफा किती, हे अखेरपर्यंत कळले नाही. घरातील चारही कर्ते पुरुष सकाळी कोट घालून कार्यालयात जातात आणि घरात भांडण निघाले की भर दुपारी परत येतात. आमच्या सेवेच्या काळात आम्हांस अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेसाठी मुख्याध्यापकांपुढे उभे राहावे लागे, त्यामुळे ही सोय आमच्या विशेष लक्षात राहिली. खर्चाच्या बाजूस तर याहून शांतता. गॅसचे सिलिंडर, विजेचे बिल, दूधवाला, मुलांच्या शाळेची फी, यांपैकी एकाही गोष्टीचा उच्चार नाही. भाजीचा भाव कोणी विचारला नाही. स्वयंपाकघरात रोज वीस माणसांचे ताट वाढले जाते, पण किराण्याची पिशवी घरात येताना आम्ही एकदाही पाहिली नाही.

पैसा या वस्तूचे दर्शन महिन्यात दोनदा घडले. एकदा तो पेटीत भरलेला होता व कोणाला तरी पळविण्यासाठी दिला जात होता. दुसऱ्यांदा रुग्णालयाच्या खिडकीवर गरीब नायिकेजवळ नेमका तोच नव्हता; परंतु कोणीतरी अज्ञात हाताने बिल भरून टाकले आणि प्रश्न मिटला. आपल्यापैकी ज्यांनी रुग्णालयाच्या त्या खिडकीपुढे प्रत्यक्ष उभे राहून काढले आहे, त्यांस तो अज्ञात हात कधी भेटला काय?

सोन्याचा हिशेब मात्र आम्ही स्वतंत्र पानावर मांडला. त्या घरातील सासूबाई रात्री निजावयास जातात तेव्हाही त्यांच्या अंगावर, आमच्या सौभाग्यवतींच्या अंदाजाने, पंचवीस तोळ्यांचा ऐवज असतो. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. म्हणजे त्या माउलीच्या उशाशी नव्हे, तर गळ्या-हातांत पंचवीस लाख रुपये झोपलेले असतात. ते दागिने चित्रीकरणापुरते व खोटे असतात, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ते पाहून ज्या मुलीच्या मनात तसा हार भरतो, तिला तो खराच हवा असतो.

श्रीमंतांचे एक वेळ सोडून द्या. श्रीमंती दाखवावयाची तर ती थोडी फुगवून दाखविली जाणार, हे राजाराणीच्या गोष्टींपासून चालत आले आहे. आम्हांस खटकते ते गरिबीचे चित्र. त्याच मालिकेतील नायिका गरिबाघरची म्हणून सांगितली आहे. तिचे वडील आजारी, भाऊ बेकार. पण राहावयास मोठे अंगण, तुळशीवृंदावन, कौलारू पडवी आणि ताज्या रंगाच्या भिंती. आता येथे आपला जातीचा डोळा उपयोगी पडला. आपण शिंपी माणसे. कपड्याकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. त्या गरीब मुलीने महिन्याभरात बावीस वेगवेगळी पोलकी अंगात घातली. सगळी अंगाबरोबर बसणारी, अस्तर लावलेली, काठाला गोट, पाठीवर नाडी व लटकन. आमच्या गावातील साध्या दुकानात असे पोलके शिवण्याचे तीनशे रुपये पडतात. बावीस पोलक्यांची नुसती शिलाई झाली ६,६०० रुपये. कापड वेगळे, साड्या वेगळ्या.

या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा ठेवतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२३-२४ साली घरोघरच्या खर्चाची पाहणी केली. तीत सबंध देशाचा माणशी सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये व शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. यात खाणेपिणे, औषधपाणी, प्रवास, कपडालत्ता सर्व काही आले. म्हणजे शहरातील सर्वसाधारण माणूस ज्या रकमेत महिना काढतो, जवळजवळ तेवढी रक्कम पडद्यावरील गरीब मुलगी शिंप्याला देते. असे गिऱ्हाईक आपल्या वाट्यास यावे अशी आमची इच्छा आहे. पण ते आजवर आलेले नाही.

हे पूर्वीपासून असेच होते असे मात्र नव्हे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे काही वर्षांनी चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावावरील मालिका त्यावर लागली. गिरगावात आमच्या मामांच्या चाळीत एका खोलीत तीस माणसे दाटीवाटीने बसून ती पाहत असत. चिमणराव हा कारकून, आणि कारकुनाच्या संसाराची ओढाताण हाच तर त्यातला विनोद होता. १९८४ साली ‘हम लोग’ आली. तीत वडिलांचे व्यसन, मुलाची बेकारी व मुलीच्या लग्नाची काळजी या गोष्टी होत्या, आणि प्रेक्षक ओळखत होता की, हे आपले घर आहे. १९८६ च्या ‘नुक्कड’मध्ये सायकल दुरुस्त करणारा होता, वायरमन होता. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेले वागळे आले. महिन्याची अखेर म्हणजे काय, हे त्या सद्गृहस्थांस पक्के ठाऊक होते. आम्ही त्या वर्षी एका खेड्यात शिक्षक होतो व सहकारी शिक्षकांनी मिळून वर्गणीने संच घेतला होता. वागळ्यांची चिंता पाहून आम्ही हसत असू, कारण पगाराची तारीख त्यांच्याप्रमाणे आम्हीही बोटांवर मोजीत होतो.

मग मधल्या काळात काय झाले? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचे कारण कथेत नसून कथेच्या मध्ये जे लागते त्यात आहे. १९९२ साली खाजगी हिंदी वाहिनी आली, १९९९ साली मराठी वाहिनी आली, आणि ३ जुलै २००० या एकाच दिवशी ‘कौन बनेगा करोडपती’ व ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ यांचा आरंभ झाला. एकीत सामान्य माणूस एका रात्रीत कोटी मिळवू लागला व दुसरीत कोट्यधीशांचे घर रोज रात्री आपल्या घरात येऊ लागले. मालिका चालते जाहिरातीच्या पैशावर. जाहिरात असते दागिन्यांची, साड्यांची, भिंतीच्या रंगाची, मोटारीची. ज्या घरात जुनीच साडी धुऊन नेसतात आणि भिंतीचा पोपडा निघालेला आहे, ते घर दाखवून लगेच रंगाची जाहिरात कशी करणार? शिवाय अडचण कारागिरीचीही आहे, ती आपण कारागीर लोकांनी समजून घेतली पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत कॅमेरा, दिवे व बारा नट मावत नाहीत. गोरेगावच्या चित्रनगरीत एकदा मोठा दिवाणखाना उभारला की त्यात शेकडो भाग उरकतात, आणि सर्व कुटुंब एकाच वेळी तेथे उभे करून भांडविता येते. जिना हवा असतो तो वरून कोणीतरी भांडण ऐकत उभे राहावे म्हणून. हेतू दुष्ट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण परिणाम व्हावयाचा तो होतोच.

परदेशातही हे चालते. पुण्याचा आमचा भाचा सांगतो की, ‘फ्रेंड्स’ नावाच्या अमेरिकन मालिकेत एक स्वयंपाकीण मुलगी न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात प्रशस्त जागेत राहते, पण तेथे निदान एवढा खुलासा केला आहे की, जागा आजीची आहे व भाडे जुने, कायद्याने बांधलेले आहे. आमच्या मालिकांत तेवढाही खुलासा करण्याची कोणास गरज वाटत नाही. अपवाद म्हणून आम्हांस एका व्यवसायबंधूचा उल्लेख करावासा वाटतो. २००८ पासून चालू असलेल्या ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्ये आत्माराम भिडे नावाचे शिकवणी घेणारे मास्तर आहेत. त्यांच्या पत्नी लोणची-पापड करून संसारास हातभार लावतात, आणि भिडे पैशापैशाचा विचार करतात. हे फार खरे आहे. पण तेच भिडे गोरेगावात ऐसपैस जागेत राहतात! शिकवण्यांवर ती कशी घेतली, हे आम्ही शिक्षक मंडळी सतरा वर्षे विचारीत आहोत.

अमेरिकेतच १९९७ साली दोन प्राध्यापकांनी यासंबंधी संशोधन प्रसिद्ध केले होते. जी माणसे दूरचित्रवाणी पुष्कळ पाहतात त्यांना, श्रीमंतांजवळ असणाऱ्या वस्तू प्रत्यक्षात आहेत त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या घरी असतील असे वाटते, असे त्यांस आढळले. आमच्या मते सगळी मेख येथे आहे. मालिका पाहून आपण त्यांच्यासारखे श्रीमंत आहोत असे कोणासही वाटत नाही. इतके भोळे आपण नाही. आपल्याला वाटते ते एवढेच की, आपण सोडून बाकी सर्वांचे बरे चालले आहे. पडद्यावर काटकसर करताना कोणी दिसतच नाही, तेव्हा काटकसर ही आपल्या एकट्याच्या घरातील लपविण्याजोगी गोष्ट ठरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेन्सन व ऑस्टर या दोघा संशोधकांनी २००९ साली भारतातील खेड्यांविषयी असे दाखविले की, जेथे केबल आली तेथे बायकोला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले व मुलगाच हवा ही ओढही कमी झाली. तेव्हा संच उचलून अडगळीत टाकावा असे आमचे म्हणणे नाही. आमच्या घरचाही तो चालू आहे, आणि वहीचा महिना संपला तरी आम्ही ती मालिका पाहतोच. नायिकेच्या भावास नोकरी लागते की नाही, याची उत्सुकता आहे.

आता एक थोडी गंभीर बाब. या मालिकांत इस्टेट एका सहीने जाते. कोणीतरी दहा कागदांत एक कागद सरकवून देतो, घरची सून न वाचता सही करते, आणि दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. सासरे एक शब्द उच्चारतात व मुलगा ‘बेदखल’ होतो. हे पाहून माणसे खरोखर काय समजतात याचा आम्हांस अनुभव आला. आमच्या आळीतील एक विधवा भगिनी रडत आमच्याकडे आली. दिराने आणलेल्या कागदावर तिने सही केली होती. दोन रात्री तिला झोप नव्हती. घर गेले असे ती धरूनच बसली होती. आम्ही कागद मागवून पाहिला. बँकेत ओळखीचा पुरावा नव्याने द्यावयाचा असतो, त्याचा तो अर्ज होता.

तेव्हा जाहीरपणे सांगून ठेवतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे स्थावर मिळकत दान द्यावयाची तर नोंदणी केलेला दस्त व किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणीसाठी दुय्यम निबंधकापुढे हजर व्हावे लागते, छायाचित्र व अंगठा घेतला जातो, मुद्रांक शुल्क भरावे लागते. पुढे जमीन असेल तर फेरफाराची नोटीस निघते व हरकतीस मुदत असते. आणि वडिलार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मतः हिस्सा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो अधिकच स्पष्ट केला. सासऱ्याच्या एका वाक्याने तो जात नाही. अर्थात कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करावी असा याचा अर्थ नव्हे.

सही खरोखर कोठे भोवते, ते मालिकेत कधी दाखवीत नाहीत. ती भोवते जामिनकीच्या कागदावर. १८७२ च्या करार कायद्यात असे आहे की, वेगळा करार नसेल तर मूळ ऋणकोची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. हे कलम आम्ही नंतर वाचले. सही आधी केली.

आम्हांस सख्खे-चुलत मिळून अकरा पुतणे आहेत, म्हणून यातला कोण हे शोधण्याचा कोणी प्रयत्न करू नये. त्यांपैकी एक आपला परंपरागत व्यवसाय करतो. बायकांचे कपडे शिवण्याचे त्याचे दुकान आहे, हात चांगला आहे, आणि माणूस निर्व्यसनी. २०२२ च्या मे महिन्यात त्याच्या मुलीचे लग्न झाले. टाळेबंदीची दोन वर्षे दुकान जवळजवळ बंद होते, हे लक्षात घ्या. तरीही हळदीचा वेगळा सोहळा, ‘संगीत’ नावाचा वेगळा सोहळा, लग्नाच्या आधी नदीकाठी व किल्ल्यावर जाऊन काढलेली चित्रफीत, नवरीच्या डोक्यावर फुलांची चादर धरून धुरातून प्रवेश, असे सर्व झाले. आमच्या पिढीत या सोहळ्यांचे नावही कोणास ठाऊक नव्हते. ‘संगीत’ हा उत्तरेकडचा प्रकार पडद्यावरून आपल्या मंडपात आला. मुलीने हट्ट केला असेही नाही. तिने एवढेच म्हटले की, “सगळ्यांकडे करतात.” आणि तिच्या बापास ते नाकारता आले नाही, कारण त्यासही सगळ्यांकडे करतात असेच वाटत होते.

एक गोष्ट सांगताना आम्हांस आजही बरे वाटत नाही. शिंप्याच्या मुलीचा लग्नातला घागरा बाजारातून तयार आणला गेला. मालिकेतील नायिकेने आपल्या लग्नाच्या भागांत घातला होता तसाच तो हवा होता. लग्नाच्या आदल्या रात्री तो कमरेत सैल निघाला, आणि सगळा मांडव नाचत असताना बाप दुकानाचे दार ओढून घेऊन मशीनवर तो घागरा आत घेत बसला होता. आम्ही त्याला बोलवावयास गेलो तेव्हा पाहिले. परत येऊन आम्ही पुढच्या रांगेत बसलो, टाळ्या वाजविल्या, आणि छायाचित्रही काढून घेतले. तसेच, कर्ज काढावे की नाही हे विचारण्यास तो आला तेव्हा, “एकुलती एक आहे, होऊ दे,” असे म्हणणारेही आम्हीच. अडतीस वर्षे सरळव्याज शिकविणाऱ्या माणसाने पेन्सिल हातात घेतली नाही.

कर्ज चार लाखांचे, एका पतसंस्थेचे, दर साल दर शेकडा १४ टक्के, मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता सुमारे ९,३०० रुपये. साठ हप्त्यांचे ५,५८,००० होतात, म्हणजे व्याजच १,५८,०००. तीनशे रुपये शिलाईप्रमाणे ९,३०० रुपये म्हणजे महिन्याला एकतीस पोलकी. दिवसाला एक पोलके त्याने पतसंस्थेसाठी शिवावयाचे, त्यात दोरा, वीज व दुकानाचे भाडे धरलेले नाही. त्यानंतर घरासाठी शिवावयास बसावयाचे. २०२४ साली पावसाळ्यात लागोपाठ तीन हप्ते थकले आणि आमच्या नावाने नोटीस आली. आम्ही निवृत्तिवेतनातून २७,९०० रुपये भरले. पैशाचे एवढे वाटले नाही. पण पुढे चार महिने पुतण्या आमच्या घराची पायरी चढला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूस जाई. लहानपणी ज्याला आम्ही हाताशी धरून पाढे शिकविले, त्याने तोंड चुकवावे, हे आमच्या घरात फार लागले.

मग एके दिवशी संध्याकाळी तो आपण होऊन आला. नात वही घेऊन बसली होती. मालिकेतील लोकांचा जमाखर्च पाहून तो प्रथम हसला, नंतर बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने लग्नाच्या सगळ्या पावत्यांची पिशवी आणून दिली व म्हणाला, “काका, हेही त्यात लिहा. आणि वाचून दाखवायचे तर दाखवा.” त्याच्या परवानगीने वाचतो.

जमा : पतसंस्थेचे कर्ज ४,००,०००, मोडलेली मुदत ठेव १,५०,०००, हातउसने ७०,०००, आहेर ३८,०००. एकूण ६,५८,०००.

खर्च : कार्यालय व जेवणावळ २,१०,०००, दागिने १,६५,०००, कपडे ६२,०००, लग्नापूर्वीची छायाचित्रे व चित्रफीत ६५,०००, हळद व संगीत, त्यात मंडप, ध्वनी व नाच शिकविणारा, ७८,०००, प्रवेशाची फुले, धूर व फटाके २४,०००, रंगभूषा १८,०००, पत्रिका, भटजी, वाहने व किरकोळ ३६,०००. एकूण ६,५८,०००.

नातीने यात स्वतःहून एक बेरीज केली. चित्रफीत, हळद-संगीत व नवरीचा प्रवेश, या ज्या तीन बाबी तिच्या आजीच्या लग्नात नव्हत्या, त्यांचे झाले १,६७,०००. व्याज १,५८,०००. एवढे लिहून तिने त्याखाली दुहेरी रेघ मारली आहे.

चिटणिसांस एक सूचना करावयाची आहे. आपले मंडळ दरवर्षी वधूवर परिचय पुस्तिका काढते. तीत उंची, वर्ण, शिक्षण, मासिक उत्पन्न, स्वतःचे घर, असे रकाने आहेत. ‘चालू कर्ज’ हा रकाना नाही. तो पुढील वर्षी घालावा. प्रथम कोणी भरणार नाही, हे आम्हांस कळते; पण रकाना छापलेला असला म्हणजे निदान विचारता तरी येते. आणि ज्या घरी यंदा लग्न झाले असेल, त्यांपैकी कोणी तयार असल्यास नाव न देता असाच जमाखर्च पुढील स्मरणिकेत छापावा. पहिला आमच्या घरचा छापावयास पुतण्याची हरकत नाही.

पुतण्याच्या कर्जाचे या डिसेंबरपर्यंत त्रेचाळीस हप्ते झाले. सतरा राहिले. आमचे २७,९०० तो दरमहा दोन हजारांप्रमाणे फेडीत आहे. नको म्हटले तर ऐकत नाही. मुलगी सुखात आहे. गेल्या महिन्यात ती माहेरी आली होती, तेव्हा तिचे नवे पोलके बापाने शिवले.

वही आम्ही येथे टेबलावर ठेवीत आहोत. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी जेवणानंतर पाहावी. नातीस ती सोमवारी शाळेत न्यावयाची आहे, तेव्हा आजच परत करावी.